नाशिकचे चार दिवस आणि रस्त्याखालचा रंग

फाल्गुन वद्य द्वितीया

पुण्याहून पहाटेची एसटी पकडली. सिन्नर मागे पडलं तेव्हा ऊन चढलं होतं आणि रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या क्रेटचे ढीग दिसायला लागले होते. स्केचबुक मांडीवर होतं, पण उघडलं नाही. या खेपेला घरूनच ठरवून निघाले होते: चार दिवस रोज चित्र काढायचं आणि दिसेल तोच रंग लावायचा नाही.

असं ठरवायला कारण झालं. दिवाळीत कपाट आवरताना मागच्या सहा वर्षांच्या वह्या जमिनीवर पसरून बसले होते. वाईचा घाट, हर्णैचं बंदर, मेणवलीचा वाडा. रेषा वर्षागणिक सुधारलेली दिसत होती. रंग मात्र सगळ्या पानांवर एकच, मातकट राखाडी. हर्णैला मासळीच्या लिलावात कान किटले होते. मेणवलीला भर दुपारी घाटावर मी एकटीच होते आणि पाण्याचासुद्धा आवाज नव्हता. पानांवर मात्र दोन्ही गावं सारखीच. दगडाला दगडाचा रंग, पाण्याला पाण्याचा, असं इमानाने लावत गेले आणि तिथे बसून जे वाटलं होतं ते कुठेच उतरलं नाही. फार वाईट वाटलं त्या रात्री.

आत्या जुन्या नाशकात राहते, तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर. रिक्षा चौकाच्या अलीकडेच थांबली, कारण पुढे रस्ता खणलेला. चौघे जण कुदळ-फावडी घेऊन माती उपसत होते आणि मातीखालून जाडजूड लाकडं डोकं वर काढत होती. घरात शिरल्या शिरल्या आत्याला विचारलं, "चौकात पाइपलाइन फुटली का गं?"

"पाइपलाइन कसली! रहाड उघडतायत. पंचमी तीन दिवसांवर आली ना."

रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला पेशवेकालीन दगडी हौद, माणूस बुडेल इतका खोल. नाशकात रंग खेळतात तो रंगपंचमीला, धुळवडीला नाही. एरवी वर्षभर हा हौद लाकडं टाकून, माती लोटून बुजवलेला असतो आणि त्यावरून रिक्षा, टेम्पो, शाळेची पोरं जात-येत असतात. पंचमी जवळ आली की उकरायचा, धुवायचा, भरायचा. शहरात अशा मोजक्याच रहाडी उरल्यात आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. शनी चौकातली गुलाबी, तिवंध्याची पिवळी. लहानपणापासून ऐकत आले होते, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. आत्याने वाढलेलं पिठलं-भाकरी खाताना सारखं डोक्यात तेच: माणसं वर्षभर ज्या रस्त्यावरून जातात, त्याच्या खाली रंगाची जागा आहे.

पाचच्या सुमारास गोदाघाटावर गेले. पलीकडे नारोशंकराचं देऊळ आणि त्याची ती प्रसिद्ध घंटा, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी. पायऱ्यांवर बसले आणि मनातला निश्चय लगेच अमलात आणला. पाणी लाल, आभाळ पोपटी, देऊळ निळं, पायऱ्या नारिंगी. अर्ध्या तासात पान भरलं. शेजारी द्रोणात दिवे विकणाऱ्या मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, हे कुठलं गाव म्हणायचं?"

प्रश्न साधा होता आणि बरोबर होता. मोबाइलवर पानाचा फोटो काढून तो कृष्णधवल केला. सगळं एकाच पातळीचं करडं. लाल आणि पोपटी डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी मी लावलेल्या त्या दोन छटा सारख्याच गडद होत्या, निळा-नारिंगीही त्याच पट्टीत. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, काय जवळ, काय लांब, हे सांगणारा टोनच चित्रातून गेला होता. मग मावशींना देऊळ कसं ओळखू येणार?

दुसरं पान घेतलं. आता डोळे अगदी किलकिले करून पाहिलं. असं पाहिलं की तपशील विरघळतात आणि गडद-फिकट तेवढं उरतं. उन्हातलं देऊळ सगळ्यांत उजळ. त्यामागचं आभाळ मध्यम. माझ्या बाजूच्या सावलीतल्या पायऱ्या सगळ्यांत गडद. हे तीन थर पेन्सिलने नोंदवले आणि मगच रंगांना हात लावला. उजळाला लिंबाचा पिवळा, मध्यमाला गुलबक्षी, गडदाला वांगी जांभळा. रंगचक्रात पिवळा मुळातच सगळ्यांत उजळ आणि जांभळा सगळ्यांत गडद, त्यामुळे हे दोघे आपापल्या जागी आपसूक बसले. पिवळ्याला गडद करायला गेलं की तो पिवळा राहतच नाही, शेवाळी होतो. म्हणून मनातला रंग लावायचा तर त्याचं वजन ओळखायला लागतं. मावशींनी पुन्हा डोकावून पाहिलं. "हां, हे नारोशंकर." रंग पहिल्या पानाइतकेच खोटे होते, तरी त्यांना गाव सापडलं.

उठायच्या आधी दुतोंड्या मारुतीपाशी थांबले. पावसाळ्यात गोदेला पूर आला की "मारुतीच्या कमरेला पाणी लागलं", "गळ्यापर्यंत चढलं" असं म्हणत नाशिककर पुराचं माप याच्यावरून काढतात. आता पायथा कोरडा ठणठणीत. पायाशी पारवे दाणे टिपत होते. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलाय. रौद्राला लाल, हास्याला पांढरा, भयानकाला काळा, अद्भुताला पिवळा आणि करुणाला कपोत, म्हणजे या पारव्यांचा रंग. करुणाला नुसता करडा का दिला असेल, असं मला नेहमी वाटायचं. आज हातभर अंतरावरून पाहिलं. पाठ करडी खरी, पण मान वळली की गळ्यावर हिरवा चमकतो, पुन्हा वळली की तोच जांभळा. दु:खाचा रंग निवडणाऱ्याने हा पक्षी नीट बघितला असणार. त्या मानेची छोटी छोटी सहा चित्रं काढली. एकही जमलं नाही, पण पान फाडलं नाही.

तृतीया

सकाळी पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरातली ही चोवीस लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे पायऱ्या चढून घामाघूम झालेल्या माणसाला वर पोचताच सावलीचा गारवा मिळतो. मी सगळा वेळ तिसऱ्या लेण्यासमोर घालवला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिचा लेख याच लेण्यात आहे. ओसरीच्या खाली सहा गण कोरलेत आणि अख्ख्या लेण्याचा भार त्यांच्या खांद्यावर आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास हे ओझं पेलून उभे आहेत बिचारे.

त्यांचे चेहरे झिजलेत. खांदे मात्र अजून ताणलेले दिसतात. मी दगड थंड ठेवला, निळसर हिरव्यात, आणि फक्त खांद्यांवर, जिथे तुळई टेकते तिथे, विटकरी लाल लावला. डोंगर चढून आल्यावर माझ्या स्वत:च्या खांद्यांत जी रग लागली होती तिचाच तो रंग. थंड रंगांत एवढासा उष्ण रंग ठेवला की नजर तिथेच जाऊन थांबते. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही. उतरताना काकडी घेतली, मीठ-तिखट लावून.

दुपारनंतर काळाराम मंदिरात गेले. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ. काळा म्हणायचा, पण त्याच्यासमोर तासभर बसून पाहा. उन्हातली कड तांबूस, सावलीतली निळी, वळचणीखाली हिरवट. डब्यातला काळा रंग मी या वहीत वापरणारच नव्हते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद मिळतो, आणि कागदावर ओलं असतानाच दोन्ही शेजारी सोडले तर कुठे निळा वर येतो, कुठे तांबूस. दगड श्वास घेतोय असं वाटतं.

भिंत झाली, कळस झाला. दरवाजा उरला. तिथे हात थांबला. २ मार्च १९३० रोजी याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं आली आणि दारं बंद करून घेण्यात आली. पुढे कितीतरी वर्षं हा लढा चालला. आज मी सहज चपला काढून आत आले, कुणी काही विचारलं नाही. जे दार तेव्हा माणसांच्या तोंडावर लावलं गेलं, त्याला लाकडाचा तपकिरी कसा लावायचा? मी निळा लावला. अगदी निखळ निळा, पाणी कमी घालून, दोन हात देऊन. सबंध चित्रात तेवढा एकच रंग असा आहे की ज्यात मी दुसरं काही मिसळलं नाही. आवारात बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "दार निळं केलंत." मी म्हटलं, "हो, बाबा." त्यांनी नुसती मान हलवली आणि शेजारी बसून राहिले. आम्ही आणखी काही बोललो नाही.

रात्री आत्याने वही चाळली. "असं नसलेलं रंगवून काय मिळतं गं?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगायला लागले की १९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरां हे दोन चित्रकार फ्रान्सच्या दक्षिणेला कोलियूर नावाच्या कोळ्यांच्या गावात राहिले, तिथे त्यांनी समुद्र, होड्या, झाडं मनाला येईल त्या रंगात रंगवली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ती चित्रं लागली तेव्हा एका समीक्षकाने त्या चित्रकारांना रानटी श्वापदं म्हटलं. तेच नाव पुढे त्या शैलीला चिकटलं, फोविझम. त्याच्या दोनेकशे वर्षं आधी आपल्याकडे जम्मूकडच्या बसोलीच्या चित्रकारांनी राधाकृष्णामागचं आभाळ सरळ पिवळंधमक रंगवलं होतं, तेही सांगितलं.

आत्याने भांडी आवरता आवरता ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या विठोबासारखं. मूर्ती काळी, आपण म्हणतो सावळा आणि कॅलेंडरवर असतो निळा. कुणी म्हणत नाही हा विठोबा नव्हे."

मी एवढा वेळ जे सांगत होते ते तिने तीन वाक्यांत सांगितलं.

चतुर्थी

संकष्टी. आत्याचा उपास, म्हणून मला साबुदाण्याची खिचडी आणि तिला तीच, पण तिची चंद्रोदयानंतर. "रात्री नऊच्या आत ये, चंद्र बघायला", असं बजावून तिने मला येवल्याच्या गाडीत बसवलं.

येवल्याला जायचं मनात होतं ते पैठणीच्या धूपछाँवसाठी, म्हणजे बघण्याचा कोन बदलला की बदलणाऱ्या रंगासाठी. ओळखीतून एका विणकर काकांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. काकांनी मागाजवळ स्टूल दिलं आणि कामाला लागले. अंगाचं वस्त्र विणणं चालू होतं. ताणा राणी रंगाचा, उभा, माझ्याकडून त्यांच्याकडे गेलेला. बाणा हिरवा, आडवा. धोटा इकडून तिकडे गेला की हिरव्याची एक रेघ पडते, फणी ठोकली की ती राणीत रुतते. जवळून पाहिलं तर एक धागा राणी, एक हिरवा, दोघे स्वच्छ वेगळे. मी मान मागे घेतली तर कापड अंजिरी दिसलं. डावीकडे सरकले तर हिरव्याची झाक आली, उजवीकडे गेले तर राणी पेटला.

"काका, हा अंजिरी रंग कुठल्या धाग्याचा?"

"अंजिरी धागाच नाही त्यात," ते म्हणाले. "तो तुमच्या डोळ्यात आहे."

इथे मला माझ्या सहा वर्षांच्या वह्या आठवल्या. गुलाबी आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा हे एकमेकांचे विरोधी रंग. पॅलेटमध्ये पाणी घालून ते कालवले की एकमेकांना मारतात आणि उरतो तो मातकट करडा. माझी सवयच अशी की कुठलाही रंग ताजा लावायचा नाही, त्याच्या विरोधी रंगाने जरा मंद करून घ्यायचा, म्हणजे तो खरा वाटतो. मागावर तेच दोन रंग शेजारी शेजारी बसतात, विरघळत नाहीत आणि एकमेकांना पेटवतात. फरक एवढाच, आणि केवढा!

तिथेच वही काढली. जलरंग बाजूला ठेवले, रंगीत पेन्सिली घेतल्या. उभ्या रेघा राणी, आडव्या हिरव्या, कुठेही न घोटता. काकांचा हात, धोटा, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, सगळं याच दोन रंगांच्या रेघांनी. उजेडात रेघा विरळ, सावलीत दाट. हात दुखून आला, पण दीड तासाने वही लांब धरून पाहिली तर खोलीतली हवा हलत होती. पदराच्या कामाला काका किती वेळ घालवतात हे विचारल्यावर त्यांनी जुना नमुना उलगडून दाखवला. एकेका मुनियेसाठी, एकेका पाकळीसाठी वेगळ्या रंगाची इवली कांडी, आणि एका ओळीत अशा कितीतरी कांड्या हाताने एकमेकींत अडकवत न्यायच्या. त्या ओळी पाहिल्यावर माझ्या दीड तासाविषयी काही बोलावंसं वाटलं नाही. काळी चंद्रकला, राघू, शिरोदक अशी साड्यांची नावं काकूंच्या तोंडून ऐकली. राघू म्हणजे पोपटी, शिरोदक म्हणजे पांढरी. माझ्या डब्यातल्या वड्यांवर नुसते नंबर आहेत. घरी गेल्यावर प्रत्येकीवर मराठी नाव लिहायचं ठरवलं: आमसुली, अबोली, चिंतामणी, डाळिंबी.

परतायला उशीर झाला. निफाडच्या पुढे अंधार पडला. घरी पोचले तर आत्या गच्चीवर, ताम्हनात अक्षता-फुलं घेऊन. चंद्र वर आला तो पांढरा नव्हताच, पिकलेल्या आंब्याच्या सालीसारखा होता. "हा बघ, याला तुझा रंग लावायची गरज नाही," आत्या म्हणाली.

पंचमी

सकाळपासून गल्लीत चुलाण पेटलेलं. मोठ्या कढईत फुलं आणि रंग रटरटत होता आणि त्याचा वास थेट माजघरापर्यंत. कोवळ्या गवताचा आणि ओल्या लाकडाचा मिळून येतो तसा. रहाड आता पूर्ण उघडी. परवापर्यंत ज्या जागी मातीचा ढीग होता तिथे चिरेबंदी हौद आणि काठोकाठ पाणी, अजून रंग न चढलेलं. उकळलेला रंग घागरींनी ओतला तेव्हा मी काठाशी होते. आधी पाण्यात पिवळ्या दोऱ्या उतरल्या, मग त्यांचे ढग झाले आणि शेवटी सगळा हौद एकच.

दुपारी पूजा झाली. नारळ, हळद-कुंकू, आरती. मानाची पहिली उडी पडली आणि मग धप्प्यांना सुरुवात. इथे रहाडीत उडी मारण्याला धप्पा म्हणतात, आणि शब्द अगदी कानाला लागतो तसाच आवाज येतो. एक जण उडी घेतो, पिवळी भिंत उभी राहते आणि चारी बाजूंच्या माणसांवर कोसळते. आजोबा, नातू, समोरचे दुकानदार, कुणाचा कोण कळेना. पांढरे सदरे तर पिवळे झालेच, पण काळ्या टी-शर्टवरही ओलेपणाची पिवळी झळाळी होती. चौकातल्या वाड्यांच्या भिंती, सायकलींचे आरसे, माणसांच्या हनुवटीची खालची बाजू, सगळीकडे पाण्यावरून परतलेला पिवळा उजेड. तीन दिवस मी मनाने रंग लावत होते. इथे अख्ख्या चौकाने तेच केलं होतं, रंग दिसण्याची वाट न पाहता.

वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती. आत्याच्या ओट्यावर, छज्ज्याखाली बसून काढली. माणसं गडद आमसुली, आकारापुरती, चेहरे नाहीत. घरं फिकट पारवी. मधली जागा मोकळी ठेवली, कारण डब्यातले तिन्ही पिवळे लावून पाहिले आणि एकही तो नव्हता. एक फार हिरवट, एक फार नारिंगी, तिसरा बरा पण मेलेला.

आत्या आतून तांब्या घेऊन आली आणि चौकातल्या एका पोराला हाक मारली. "ए सोन्या, एवढं भरून दे रे." तो नखशिखांत पिवळा. तांब्या बुडवून काठोकाठ भरून आणला. मी मोठा ब्रश थेट त्या पाण्यात घातला आणि पानाच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडला. कागदाने ते पिऊन घेतलं. ओलं असेपर्यंत रंग अस्सल होता, चौकातलाच. वाळत गेला तसा उतरला आणि फिका झाला, भिंतीवर संध्याकाळचं ऊन पडतं तेवढाच. दुसरा हात दिला, तिसरा दिला, तरी तेवढाच राहिला. गडद माणसांच्या मधोमध तो फिका पिवळा, आणि चित्रातली सगळ्यांत उजळ जागा तीच. तिथे डब्यातला रंग मी लावला नाही.

रात्रीच्या गाडीने निघायचं होतं. आत्याने उरलेलं पाणी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत गाळून भरलं, बूच घट्ट लावलं आणि वर चिकटपट्टी मारून बॉलपेनने लिहिलं: तिवंधा, पिवळा.